उलसूरच्या तळ्यावरची तीन चित्रं

विश्वेश्वरच्या नावाचं पार्सल आलं, तेव्हा त्याला जाऊन दोन वर्षं होत आली होती.

सासऱ्यांनी, भीमाचार्य मास्तरांनी, सही करून ते घेतलं. टोकियोचा शिक्का होता. आत फोटोंचं जाडजूड पुस्तक. हिंदुस्थानभर फिरून गेलेला एक जपानी पत्रकार त्यांच्याकडे कॉफी पिऊन गेला होता, पुस्तक पाठवीन म्हणून जावयाचं नाव आणि इथला पत्ता लिहून घेऊन. दुसऱ्याच दिवशी विश्वेश्वर उलसूरच्या तळ्यात बुडाला.

मास्तरांनी पुस्तक उघडलं नि कपाळाला आठी घातली. नावाचं पान शेवटी! "एवढा पुढारलेला देश, आणि शिवण अशी," ते पुटपुटले.

मधल्या पानांवर मात्र त्यांचा हात थबकला. उलसूरचं तळं. लागोपाठ तीन पानं, खाली विश्वेश्वर गेला त्याच दिवसाची तारीख. पहिल्यावर लख्ख उन्हात शेषगिरी एकटाच होडी वल्हवत होता. दुसऱ्यावर होडीत तो आणि विश्वेश्वर. तिसऱ्यावर विश्वेश्वर एकटा, धुक्यात, पायरीवर हसत उभा.

मास्तरांनी तिन्ही पानं पुन्हा पहिल्यापासून पाहिली.

शेषगिरी, विश्वेश्वरचा जिवलग मित्र, दोन वर्षं एकच सांगत होता. होडी मी आणली, दोघं फिरलो, त्याला पायरीवर सोडून मी घरी गेलो. तो घसरला असेल, म्हणून पोलिसांनी चौकशी मिटवली. मास्तरांच्या मनातून मात्र संशय गेला नव्हता.

आणि आता शेषगिरी त्यांच्या विधवा मुलीला, क्षमाला, मागणी घालत होता. त्याची मद्रासला बदली झाली होती. जाण्याआधी उत्तर हवं होतं. क्षमाने ते बापावर सोपवलं होतं. "अण्णा, तुमच्या मनात किंतु असेल तर नको. नसेल, तर मला पुन्हा जगायचंय."

संध्याकाळी शेषगिरी आला. मास्तरांनी पुस्तक पुढे केलं.

"बघ. यात तू आहेस."

शेषगिरीचा चेहरा पांढराफटक पडला. "तो जपानी... तिथे होता?"

"होता. सगळं टिपलंय त्याने."

शेषगिरीने दाराकडे पाहिलं. कॉफी घेऊन क्षमा दारातच उभी होती.

"मास्तर, मी..."

"थांब. आधी मला बोलू दे." मास्तरांनी पानावर बोट ठेवलं. "पुराव्याशिवाय कुणाला चोर म्हणू नका, असं मुलांना जन्मभर शिकवलं, आणि मीच चुकलो. इथे तू होडी आणतोयस. इथे दोघं. आणि इथे तो पायरीवर, धडधाकट. तू म्हणालास तस्संच. मला माफ कर."

शेषगिरी बराच वेळ चित्रांकडे पाहत राहिला. मास्तरांचं बोट ज्या वाटेने गेलं, त्याच वाटेने त्याचंही बोट सावकाश फिरलं.

"माफी कसली, मास्तर," तो म्हणाला. "तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, एवढं पुरे."

क्षमा रडता रडता हसली. "घ्या आता. अण्णांचा धडा संपेपर्यंत कॉफी निवणारच."

महिन्याभरात कचेरीत लग्न लागलं. मद्रासच्या गाडीपाशी क्षमा वाकून पाया पडली.

"मास्तर, ते पुस्तक आम्हांला द्या ना," शेषगिरी म्हणाला. "मित्राची आठवण."

"देईन की. शिवण तेवढी नीट करून पाठवतो."

"नको, नको. आहे तसंच बरं आहे."

"मुलांच्या वह्यासुद्धा मी अशा सोडत नाही रे!"

गाडी हलली. क्षमाचा हात खिडकीतून बराच वेळ हलत होता.

मास्तर तिथून थेट घरी आले, आणि पुस्तक घेऊन चिकपेटेत सयाजीच्या बाइंडिंगच्या दुकानात गेले.

"सयाजी, नावाचं पान शेवटी गेलंय. उसवून पुढे शिव."

"स्वल्प बसा, मास्तर." सयाजीने पुस्तक हातात फिरवलं आणि तो हसला. "तुम्ही पण! शिवण अगदी बरोबर आहे. छावणीतली उर्दू पुस्तकं बांधतो ना मी, तसंच हे. जपानी लोकही उजव्या बाजूने उघडतात. तुम्ही शेवटाकडून बघत आलात."

त्याने पुस्तक पालथं केलं आणि पानं उलटू लागला. "हे काय, आपलं उलसूर!"

धुक्यात पायरीवर विश्वेश्वर एकटा, हसत उभा होता. सयाजीने पान उलटलं. होडीत दोघं. त्याने आणखी एक पान उलटलं. धुकं विरलं होतं, आणि लख्ख उन्हात शेषगिरी एकटाच होडी वल्हवत परत येत होता.