जसंच्या तसं

खोलीला कालच रंग दिला होता. राजेसाहेबांच्या तसबिरीखाली नवीकोरी पाटी होती, 'कैदी तक्रार निवारण कक्ष'. रंगाच्या वासाखालून फिनेलचा वास येत होता, आणि त्याच्याही खालून आणखी कसला तरी. रबाबने अंगावरच्या काळ्या अबायाचा काठ नाकाशी धरला. अकरा वर्षं ती सरकारी दुभाषी होती, पण तुरुंगात पहिल्यांदाच आली होती.

तुरुंगाधिकारी कर्नल फवाजने तिला दारातच गाठलं. "हे बघ पोरी, आज संध्याकाळी परदेशी राजदूतांबरोबर आरमारी तळाच्या करारावर सह्या आहेत. त्यांच्या देशात कुणीतरी आमच्या नावानं ओरड केलीय, म्हणून ही भेट. दहा मिनिटांचं काम. शब्द जरा मऊ ठेव." मग सहज आठवल्यासारखं तो म्हणाला, "नवरा बंदरावरच आहे ना अजून? जप त्याला."

राजदूत येऊन बसल्यावर शिपायांनी कैदी मिर्झा मास्तरांना आणलं. अंगातल्या पांढऱ्या झग्याच्या दुकानातल्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. ते खुर्चीवर एका अंगावर कलूनच बसले.

"यांना इथे कशी वागणूक मिळते?" राजदूताने विचारलं. रबाबने प्रश्न अरबीत सांगितला.

मास्तरांनी मान वर केली. "बोलण्यावरून आमच्याच किनाऱ्याची दिसतेस, मुली. मग जसंच्या तसं सांग. यांनी मला नऊ दिवस उभं ठेवलं. डोळा लागला की गार पाणी. हा हात," त्यांनी उजवा हात उचलला, त्याची दोन बोटं वळत नव्हती, "या साहेबांच्या खोलीत मोडला. संसदेला खरे अधिकार द्या, एवढंच मी लिहिलं होतं."

"म्हातारा थकलाय," कर्नल रबाबकडे बघत हळूच म्हणाला. "तब्येतीचं सांगतोय."

 बंदरावरून घामाघूम होऊन येणारा नवरा तिच्या डोळ्यांपुढे आला. तरी तिने तोंड उघडलं आणि राजदूताला त्याच्या भाषेत सगळं सांगितलं. नऊ दिवस, पाणी, बोटं. 'या साहेबांच्या खोलीत' हेही. एक शब्द मऊ केला नाही. कर्नलची नजर तिला गालावर टोचत होती.

राजदूताने चष्मा काढला. आता हा उठेल, रबाबला वाटलं, आता याची खुर्ची मागे सरकेल.

"विलक्षण!" तो म्हणाला आणि सचिवाकडे वळला. "लिहून घ्या. कैद्याने अधिकाऱ्यासमोर बसून निर्भयपणे तक्रार केली. पाच वर्षांपूर्वी हे शक्य तरी होतं का? इथल्या सुधारणा खऱ्या आहेत." त्याने कर्नलपुढे हात केला. "अभिनंदन."

कर्नल क्षणभर गोंधळला. मग त्याचा चेहरा खुलत खुलत गेला.

मास्तरांना त्यातलं काही कळलं नव्हतं. ते पुढे वाकून उत्सुकतेने विचारत होते, "काय म्हणाला गं? ऐकलं ना त्यानं?"



"ऐकलं, मास्तर," रबाब म्हणाली. "सगळं लिहून घेतलं."

त्यात एक शब्दही खोटा नव्हता. मास्तर किती तरी वेळ मान डोलवत राहिले. शिपाई त्यांना घेऊन गेले तेव्हाही ते हसत होते.

बाहेर बोळात भिंतीला हात टेकून ती भडाभडा ओकली. मागून कर्नल आला. त्याने अत्तराचा घमघमाट सुटलेला रुमाल पुढे केला.

"घाबरलीस होय? वेडी कुठली! मघाशी तुझी जीभ हासडावीशी वाटली होती मला, खोटं कशाला बोलू. पण झालं ते झकास झालं." त्याने घड्याळ पाहिलं. "पुढच्या महिन्यात आणखी एक शिष्टमंडळ येतंय. तूच ये. आणि मास्तरालाच बसवू. छान बोलतो."