पाठीची माती

“परत वाच,” सांडू पहिलवान म्हणाला.

रहीमनं चष्मा सारखा केला आणि तेच वाक्य परत वाचलं. ‘हलगीच्या कडकडाटात सांडूंनी रहीम पहिलवानाला उचलून असा आपटला, की पाचोडच्या मैदानावर क्षणभर स्मशानशांतता पसरली.’ आपल्याला कसं आपटलं ते रहीम दुसऱ्याचं पोस्टकार्ड वाचून दाखवावं तसं वाचत होता. आवाजात चढ नाही की उतार नाही.

तालमीच्या कट्ट्यावर तिघं बसले होते. ऐंशीच्या घरातले हे दोन म्हातारे, आणि सांडूचं चरित्र लिहिणारे प्राध्यापक नरवडे. सांडूला अक्षरओळख नाही. रहीम उर्दू शाळेतला, पण तीस वर्षं टपाल वाटून मराठी वाचण्यात पक्का झालेला. म्हणून छापण्याआधी पुस्तक ऐकायला सांडूनं बजाजनगरला रिक्षा पाठवून त्याला बोलावून घेतलं होतं. पानं आजच छापखान्यात जायची होती आणि प्राध्यापक घटकाघटकाला घड्याळ बघत होते.

सकाळपासून सांडू कातावला होता. तो रोज सात शेर दूध प्यायचा, असं पुस्तकात होतं. घरात म्हैस एक, तीही अर्धं वर्ष भाकड. लहानपणी त्यानं उधळलेला वळू शिंगांना धरून अडवला होता म्हणे. खरं तर वळू बघून तो बाभळीवर चढला होता, आणि त्याची आई चतुराबाई पुढं दोन दिवस त्याचे काटे काढत बसली होती. हे त्यानं प्राध्यापकांना सांगितलंही. त्यांनी कौतुकानं मान डोलावली आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं.

“सर,” सांडू आता शक्य तितक्या हळू म्हणाला, “ही कुस्ती बरोबरीत सुटली. निजामावर पोलीस ॲक्शन होऊन आठ वर्षं झालती. पावणेदोन घंटे चालली. दिवस मावळला, कुणाला काय दिसंना, तवा पंचांनी सोडवली. याच्या पाठीला माती लागली नाय. तवाच नाय, जलमात कधी लागली नाय.”

प्राध्यापक हसले. मोठी माणसं स्वतःकडं कमीपणा घेतात, हे त्यांना ठाऊक होतं. पाचोडला जाऊन त्यांनी चौघांना विचारलं होतं आणि चौघांनीही रहीम पडला असंच सांगितलं होतं. सांडूनं चौघांची वयं विचारली. त्यातला थोरला पन्नाशीचा निघाला. म्हणजे कुस्ती झाली तेव्हा त्यांतला एकही जन्मला नव्हता.

“तरीपण वस्ताद,” प्राध्यापक समजुतीच्या सुरात म्हणाले, “बरोबरीवर प्रकरण संपत नाही. वाचकाला कुणीतरी पडलेलं लागतं.”

रहीमनं पानं खाली ठेवली. जाऊ दे म्हणाला, किताबच तर आहे, कोण वाचतंय. कोण वाचणार ते सांडूला चांगलं माहीत होतं. रहीमची नातवंडं मराठी शाळेत होती. आणि रहीमपाशी शेतीवाडी नाही, गदा नाही, शाल नाही. त्यांना सांगायला त्याच्यापाशी एवढीच एक गोष्ट होती, की माझ्या पाठीला कधी माती लागली नाही. ती तो त्यांना जेवताना रोज सांगायचा.

सांडूची कपाळाची शीर उडायला लागली. या माणसापुढं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. नाही म्हणावं तर नम्रता, चिडावं तर करारी बाणा, गप्प बसावं तर ऋषितुल्य मौन. तिन्ही वहीत जात होतं.

तो उठला. कट्टा उतरून आखाड्यात गेला. अंगात धुतलेला पांढरा सदरा होता. तशाच सदऱ्यानिशी गुडघ्यांवर हात देत, कण्हत, तो लाल मातीत उताणा पडला आणि दोन्ही खांदे नीट टेकवले.

“लिवा,” तो आढ्याकडं बघत म्हणाला. “रहीमनं सांडूला चीत केलं. पाचोडच्या चौघांपरीस तुम्ही बरे. तुम्ही डोळ्यानं बघितलंय.”

“मैं कब गिराया तेरेकू?” रहीम वैतागला. “उठ, कंबर धरंल.”

“बरोबरी छापीत नायत, तर तुझी जीत छापू दे.”

प्राध्यापकांनी वही उघडली. भराभरा अर्धं पान लिहून काढलं आणि भारावून वाचून दाखवलं. ‘हरलेल्या मित्राचं मन राखण्यासाठी हा महामल्ल ऐंशीव्या वर्षीही मातीत लोळला.’ त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते. शेवटच्या प्रकरणाचा शेवट कधीचा अडला होता, तो आज मिळाला, असं म्हणत त्यांनी पानं पिशवीत भरली. दोघांच्याही पाया पडून ते छापखान्याकडं निघून गेले.

रहीमनं हात देऊन सांडूला आधी बसता केला, मग उभा. सदऱ्याची पाठ मानेपासून कमरेपर्यंत लाल झाली होती. रहीम ती झटकायला लागला, तर सांडूनं त्याचा हात धरला.

“राहू दे. रिक्षा बोलव. तुझ्या नातवंडांना दाखवायचीय.”

रस्ता सगळा खड्ड्यांचा होता आणि सांडूची कंबर खरंच धरली होती. रहीमनं दोनदा सांगितलं, मागं टेक. सांडू पुढची दांडी धरून ताठ बसला होता.

“माती पुसंल,” तो म्हणाला, आणि बजाजनगर येईपर्यंत त्यानं पाठ काही टेकवली नाही.