लांबडी गाडी

दादाभाऊ गाडीत आडवे झाले. मागचं दार वर उचलून, पायताणं बाहेर काढून, पागोटं छातीवर धरून ते सरळ पाठीवर निजले. पाय दाराच्या आतच राहिले.

"बसतंय," ते उठत म्हणाले. "मिस्त्री, हिला जिती करता येईल का?"

मंचरला कांद्याच्या वखारीमागं ही लांबडी इस्टेट गाडी सात वर्षं उभी होती. चाकांत हवा नव्हती. खालचा पत्रा इतका गंजला होता की आतून जमीन दिसायची. रामनाथ मिस्त्रीचं वारूळवाडीत गॅरेज होतं, आणि दादाभाऊंनी त्याला पारख करायला सोबत आणलं होतं. त्यानं बॉनेट उघडून इंजिन हातानं फिरवून पाहिलं. जाम नव्हतं.

"करता येईल," तो म्हणाला. "पण एवढ्या खटपटीपेक्षा एखादी चालती जीप बघा."

"जीप उंच अस्ती. चढाय लागतं. आमच्या घरच्यांना दम लागतो."

मग थोडं थोडं करून कळलं. दिवाळी झाली की दादाभाऊ मेंढरं घेऊन माळशेज घाट उतरून कोकणात जायचे, ते पावसाच्या तोंडाला परत. बायको, भिमाबाई, तीस वर्षं बरोबर चालली. डोक्यावर बोजा, कडेला पोर, पुढं घोडं. दोन वर्षांपूर्वी तिला फुप्फुसाचं दुखणं झालं आणि डॉक्टरांनी चालणं बंद केलं. तेव्हापासून मेंढरं गेली की ती एकटीच घरी. सहा-सात महिने.

गाडी भंगाराच्या भावात मिळाली. दुसऱ्या गाडीला टोचन करून ती वारूळवाडीला आणली.

एरवी रामनाथची गिऱ्हाइकं गाडी लावून मोबाइल बघत बसायची. दादाभाऊ आपल्या गावाहून, आळ्याहून, एसटीनं येऊन दिवसभर उकिडवे बसायचे. पॉलिश पेपरनं गंज घासून घासून त्यांच्या बोटांची कातडी सोलली. पत्र्याला ठिगळं मारताना ते पत्रा धरून उभे राहिले. नोझल काढले, क्लच प्लेट बदलली, जुना रेडिएटर डागून घेतला. दादाभाऊ प्रत्येक पार्टचं नाव दोनदा विचारायचे आणि स्वतःशी पुटपुटायचे. मग पुढचा प्रश्न ठरलेला.

"ह्यो बिगडला तर वाटंत काय करायचं?"

रामनाथ सांगायचा. वीस वर्षांत त्याला असं कुणी विचारलं नव्हतं. या माणसाचं त्याला मोठं कौतुक वाटायला लागलं. साठी उलटली, आयुष्य पायी गेलं, आणि आता बायकोसाठी इंजिन शिकतोय.

"चालवणार कोण?" त्यानं एकदा विचारलं.

"हाय एक माणूस. शिकतंय मंचरला."

पुतण्या असेल, असं रामनाथनं धरलं.

शेवटच्या आठवड्यात त्यानं आपल्या मनानं एक काम केलं. मागच्या भागात जाड स्पंजची गादी बसवली. खिडक्यांना पडदे लावले. आजारी बाईला धरायला छताखाली एक दांडी लावून घेतली. दादाभाऊंनी ते पाहिलं. कानामागं खाजवलं.

"लई चांगलं केलं," एवढंच म्हणाले.

पासिंग झालं. मेंढरं निघायच्या दिवशी सकाळी रामनाथ स्वतः गाडी घेऊन आळ्याला गेला. शिवारात मेंढरं उठली होती. भिमाबाई बाजेवरून उठल्या. चार पावलं चालल्या, थांबल्या, दम घेतला, पुन्हा चार पावलं चालल्या. रामनाथनं मागचं दार उघडून धरलं.

त्यांनी गादीवरून हात फिरवला. "ह्ये कुणासाठी?"

"तुमच्यासाठी, मावशी. आरामात आडवं पडून जायचं."

भिमाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. दादाभाऊ मेंढरांकडं बघत होते.

"ह्यांनी सांगितलं न्हाई व्हय तुमाला?" त्या म्हणाल्या. "असू द्या. दिवसा कोकरांना मऊ व्हईल, रातच्याला निजाय आमाला."

दोन दिवसांची चार कोकरं दादाभाऊंनी एकेक उचलून गादीवर ठेवली आणि मेंढरं घेऊन ते पुढं निघाले. रामनाथ पुतण्या कुठं दिसतोय का पाहू लागला. तोवर भिमाबाई गाडीला धरत धरत पुढं गेल्या होत्या. त्यांनी बॉनेट उचललं, ऑइलची पट्टी ओढली, पदराला पुसली, पुन्हा घालून ओढली आणि उजेडात धरून पाहिली.

"मावशी, हे कुठं शिकलात?"

"रोज रातच्याला शाळा भरायची आमच्या घरी. तुमी दिवसा जे सांगायचा, ते ह्ये जेवताना सांगायचे." त्यांनी चोळीतून लायसनचं कार्ड काढून त्याच्यापुढं धरलं. "आन् चालवाय शिकले मंचरला. दुसऱ्या खेपंला मी पास झाले. द्या चावी."

रामनाथनं चावी दिली.

"बसा," त्या स्टिअरिंगमागं बसत म्हणाल्या. "फाट्याला सोडते तुमाला. तिथनं एसटी घावंल."

तो शेजारी बसला. सवयीनं त्याचा हात हँडब्रेककडं गेला, पण तो त्यांनी आधीच सोडला होता. गाडी बांधावरून अलगद रस्त्याला लागली. कुठं हिसका नाही. कोकरं मागं गप पडून होती.

पुढं रस्त्याच्या कडेनं मेंढरं चालली होती आणि त्यांच्यापुढं दादाभाऊ, खांद्यावर काठी आडवी टाकून. भिमाबाईंनी गाडी त्यांच्या बरोबरीला आणली आणि काच खाली केली. ओतूरच्या अलीकडं, संध्याकाळच्या मुक्कामापर्यंत, त्यांना दिवसभर चालायचं होतं.

"या सावकाश," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मी म्होरं जाऊन चुलीवर च्या ठिवते."