बुडाशी उमटलेली बोटं

भाजण्याआधी मातीचा पेला झिलईत बुडवताना बुडाशी बोटं उमटतात. मग झिलईचा कुंचला फिरवून ती पुसायची असतात. आमची लेक चिझुरु नेमकं तेवढंच विसरायची. "बोटं पूस, डावरे!" म्हणून हे तिच्यावर खेकसायचे, आणि तिचे पेले भट्टीमागच्या ढिगावर नेऊन फोडायचे.

चिझुरु शरदात वारली. या खेपेचे सगळे पेले यांनी एकट्याने, चिमट्यात धरून बुडवले.

आज सकाळी भट्टीच्या दाराच्या विटा काढल्या. यांनी पहिला पेला उलटा केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"किनुए, तू हात लावलास?"

"मी कशाला लावू? बुडवताना जवळ तरी येऊ दिलंत का मला?"

बुडाशी बोटं उमटली होती. डाव्या हाताची. दुसऱ्या पेल्यावर तीच, तिसऱ्यावरही तीच.

पेले केव्हाच गार झाले होते. मी एका खुणेवरून बोट फिरवलं, तर पांढरी झिलई बोटाला लागली. एवढ्या आगीतून निघूनही ती ओली होती.

सवयीने मी कुंचला उचलला.

यांनी माझं मनगट धरलं.

"पुसू नकोस गं. आत्ताच बुडवलाय तिने."