वेटिंगवरची पहिली

“पुन्याले मातीतले जिवाणू अन् बेंगळुरूले मुंग्या. मुंग्या तं आमच्या घरीच हायेत,” समता समोसा मोडत म्हणाली. “तुले काय वाटते वं, रेणुका? तुले दोन्हीकून बोलावलं असतं तं तू काय केलं असतं?”

कॅन्टीनमधल्या मुली फिसकन हसल्या. रेणुकाने चहाचा घोट गिळला आणि सांगितलं, की तुला जिथं जायचं तिथं जा, मला काय त्याचं.

खरं तर सगळं तिचंच होतं. दोघी खामगावच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, दोघींनी उन्हाळी संशोधनासाठी अर्ज केलेले. समताला दोन ठिकाणचं बोलावणं आलं. रेणुकाला एकच, आणि तेही अर्धं. पुण्याच्या वेटिंग लिस्टमध्ये तिचा पहिला नंबर होता. समताने पुणं सोडलं तर जागा रेणुकाची, नाही सोडलं तर रेणुकाचा उन्हाळा वावरात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या वेचण्यात. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. समताचा कल पुण्याकडे होता, आणि रेणुकाचा चेहरा बघून तर तो आणखीच वाढत होता.

दोघींचं गाव एक, आणि वावरंही एकमेकींना लागून. त्यांच्या बापांचं मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, असं वाजलं होतं, की मोजणी झाली, तहसील झाली, तरी समताचे वडील पंजाबराव आणि रेणुकाचे वडील महादेवराव एकमेकांचं तोंड बघत नव्हते. एक एसटीत चढला की दुसरा खाली उतरून जीपची वाट बघायचा. पोरींना हे वैर तयारच मिळालं. त्यांनी त्यात फक्त मार्कांची भर घातली.

महादेवरावांचा होकार मिळवताना रेणुकाच्या नाकी नऊ आले होते. पुण्यात आत्या आहे म्हणून पुणं, त्यापुढे एक पाऊल नाही. म्हणजे तिच्यापुढे दारच एक, आणि त्या दारात समता पाय पसरून बसलेली.

गुरुवारी रेणुका कॉलेजला गेलीच नाही. तिने धुरा ओलांडला.

पंजाबराव भुईमुगाला पाणी देत होते. महादेवरावांची पोरगी आपल्या वावरात बघून त्यांनी फावडं खाली ठेवलं.

“काका, भांडण तुमचं अन् बाबाचं,” रेणुका म्हणाली. “पन समताच्या जिवाचा प्रश्न हाये, म्हणून आली.”

मग तिने जे सांगितलं, ते तिने रात्रभर मनात रचलेलं होतं. पुण्याच्या त्या संस्थेतून मागच्या वर्षी आपल्याकडच्या दोन पोरी अर्ध्यातून परत आल्या. प्रयोगशाळा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चालते. होस्टेलला धड फाटक नाही. आणि तिथले एक सर... इथं ती थांबली आणि खाली बघू लागली. त्या अर्ध्या वाक्यानेच सगळं काम केलं. बेंगळुरूला मात्र काही भीती नाही, बाई वॉर्डन आहेत, आणि मुंग्यांचं काम दिवसाउजेडीच असतं.

“तुले हे कोनं सांगितलं?”

“त्यातल्याच एकीनं. पन माझं नाव कुठी घेऊ नका, काका. बाबाले समजलं तं माझं कॉलेज बंद होईन.”

पंजाबरावांनी शब्द दिला. वर शेंगांचा डहाळा उपटून तिच्या हातात दिला. तिने तो धुऱ्याअलीकडे येताच फेकला.

शुक्रवारी समता डोळे सुजवून आली. वनस्पतिशास्त्राच्या शेखर सरांसमोर तिने पुण्याला फोन करून नकार कळवला. बाहेर आल्यावर रेणुकाला म्हणाली, “घे. माझं उष्टं.” आणि पुढची तासिका न करताच गावाच्या गाडीत जाऊन बसली.

रेणुकाने ते उष्टं आनंदाने गिळलं. सर म्हणाले, आता अर्जातल्या नंबरवर त्यांचा फोन येईल, हो म्हटलं की झालं. अर्जात नंबर महादेवरावांचा होता. वर्गातल्या सगळ्याच मुलींच्या अर्जात बापाचाच नंबर असायचा. बाबा हो म्हणतीलच, त्यांच्याकडून तिने सगळं पाठ करून घेतलं होतं. तिने प्रॅक्टिकल हसत-हसत उरकलं, नवी ओढणी घेतली आणि संध्याकाळच्या एसटीने गावात उतरली.

तिच्या घरातून पंजाबराव बाहेर पडत होते.

पंजाबराव जवळ आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले.

सांगितलं. यांनी सगळं सांगितलं. आधी नाकारायचं, नाहीच जमलं तर रडायचं, असं ठरवत ती आत गेली. महादेवराव बाजेवर बसले होते. खाली चहाचे दोन कप होते.

“बस,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून ती जास्तच घाबरली. “पुन्याचा फोन आल्ता. मी नाही म्हनून टाकलं.”

रेणुका बाजेच्या कडेला टेकली.

“पंजाबराव सोताहून आला. त्याच्या पोरीनं घरी रडून सांगितलं, का आता जागा तुले भेटनार. तं उठून आला बिचारा. म्हणे, भांडन धुऱ्याचं हाये, पोरीचं नाही. तिथल्या रातच्या गोष्टी, थ्या सराची गोष्ट, सगळी सांगितली त्यानं.” महादेवरावांनी डोळे पुसले. “त्याले हे कोन्या पोरीनं सांगितलं, थे नाव काही त्यानं घेतलं नाही. पन जे कोनी असन, तिचे लय उपकार झाले बाप्पा आपल्यावर.”