तीन चौकटी

मिस्त्रींनी फाटलेलं फडकं व्यवस्थापकाच्या टेबलावर ठेवलं, थेट काचेवर. ग्रीस लागेल म्हणून साहेबांनी टॅबलेट घाईघाईने उचलला.

लिफ्टच्या दोरावरून हे फडकं आपण नुसतं हलक्या हाताने फिरवलं, मिस्त्रींनी सांगितलं. दोर धड असता तर ते सरसर खाली आलं असतं. ते सात ठिकाणी अडकलं. पोलादाचे केसाएवढे तुकडे अजून त्यात रुतून बसले होते. दोराच्या तारा तुटायला लागल्या होत्या आणि नवा दोर येईपर्यंत लिफ्ट बंद ठेवायची होती, एवढी साधी गोष्ट.

साहेबांनी फडक्याकडे धड पाहिलंही नाही. तपासणीचा फॉर्म आता नवा आलाय, तेवढा भरा, म्हणाले आणि टॅबलेट पुढे केला. मिस्त्रींनी चष्मा पुसला आणि वाचलं. लिफ्टची स्थिती: चांगली, अप्रतिम, सर्वोत्तम. चौकटी तीनच. झिजलेली, बिघडलेली, धोक्याची, असल्या शब्दांना त्या फॉर्ममध्ये जागाच नव्हती. खाली एक रिकामी ओळ होती आणि तिच्यावर प्रश्न होता, 'आमच्या लिफ्टमधलं तुम्हाला सर्वांत जास्त काय आवडलं?'

आवडलं काय म्हणे! मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं ते लिफ्टच्या टपावर उभे राहून काम करत आले होते. त्यांनी 'ठीक आहे' म्हटलं की माणसं पोराबाळांना घेऊन निर्धास्त आत शिरायची. त्या दोन शब्दांसाठी ते अर्धा अर्धा दिवस लिफ्टच्या काळोख्या शाफ्टमध्ये घालवायचे. त्यांनी एका बोटाने त्या ओळीत लिहिलं, 'दोर तुटतोय.' फॉर्मने त्यांचे मनापासून आभार मानले आणि चौकट निवडायला सांगितलं.

"'चांगली' तेवढं दाबू नका हं," साहेब म्हणाले. गेल्या वर्षी पलीकडच्या इमारतीला 'चांगली' मिळाली होती आणि तिथले साहेब तेव्हापासून घरी बसले होते. आपल्याला दोन मुली आहेत, हेही त्यांनी सांगून टाकलं. दोराचं पुढच्या महिन्यात बघू.

"मग तुटलेल्याला काय म्हणायचं, तेवढं सांगा, साहेब."

साहेबांनी स्वतःच 'सर्वोत्तम' दाबलं. पडद्यावर रंगीत कागदांचे कपटे उधळले गेले. मग त्यांनी टेबलावरची लिफ्टची चावी उचलली आणि ते बाहेर निघाले. मिस्त्री त्यांच्या आधी पोचले. हत्यारांची पेटी त्यांनी लिफ्टच्या दारात आडवी टाकली आणि तिच्यावर हाताची घडी घालून बसले.

चौथ्या मजल्यावर गुडघ्यांचे डॉक्टर होते, त्यामुळे खाली सकाळपासून रांग ताटकळत होती. सगळ्यांत पुढे काठी टेकून एक आजी उभ्या होत्या. साहेबांच्या हातात चावी दिसली तशी रांग जरा हलली. आजी मात्र पेटीवर बसलेल्या माणसाकडे बघत होत्या. लिफ्ट चांगली आहे ना, म्हणून त्यांनी विचारलं. मिस्त्रींनी हनुवटीनेच साहेबांकडे खूण केली. साहेबांच्या तोंडून एकदा ऐकायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं.

साहेबांच्या चेहऱ्यावर सवयीचं हसू आलं. दाराच्या वर 'शहरातील सर्वांत सुरक्षित लिफ्ट' अशी पितळी पाटी होती, तिच्या बरोबर खाली ते उभे होते.

"सर्वोत्तम आहे, आजी. या ना."

आजींनी काठी जागची हलवली नाही.

"ते पाटीवर वाचलं मी," त्या म्हणाल्या. "चांगली आहे का, ते सांगा."