मेन स्विच

सुलभाताईंचा कॉम्प्युटर सकाळी चालू झालाच नाही. मालवणी शब्दकोशाचं त्यांचं सारं काम त्यातच होतं, आणि ज्या म्हाताऱ्या माणसांनी ते शब्द सांगितले, त्यांतली निम्मी आता हयातही नव्हती.

"घाबरू नका," ऑफिसात नेटवर्क बसवून गेलेली रेहाना येताच म्हणाली. "बॅकअप आहे ना! रोज जेवढं बदलतं, तेवढं आपोआप कोपऱ्यातल्या त्या डब्यात जातं."

"पण ते रात्रीच होतं ना?" सुलभाताई मटकन खुर्चीत बसल्या. "अगं, कोकणातली वीज काय सांगून पडते? जाताना मी रोज मेन स्विच बंद करते. रात्रभर तो डबाही मेलेलाच असतो. माझ्याच हातांनी मी..."

रेहानाने आपला लॅपटॉप डब्याला जोडला आणि त्यांच्यापुढे सरकवला. शब्दांच्या रांगा झरझर उमटल्या. परवाच्या, अगदी कालच्याही.

"पहिल्याच दिवशी तुम्हाला मेन स्विच बंद करताना पाहिलं होतं मी," ती म्हणाली. "तुमची सवय मोडण्यापेक्षा बॅकअपची वेळ बदलणं सोपं. चार वाजता तुम्ही सगळे चहाला टपरीवर जाता, तेव्हा होतो."

सुलभाताईंनी डोळे पुसले. मग एकदम दचकल्या. "म्हणजे काल चहानंतर केलेलं तेवढं गेलंच की!"

प्रुफं तपासत बसलेले गावडेकाका खदखदून हसले.

"ताई, चायनंतर ह्या हापिसात कोणी कधी काम केल्यान?"